इटलीचा समुद्रकिनारा: मुक्काम नक्की कुठे करावा?

निंबोणी (ठाणे)

नमस्कार मंडळी, दोनतीन वर्षं इथे नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मे महिन्याच्या शेवटी इटलीला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. रोमच्या चार रात्री आणि शेवटी फ्लोरेन्सच्या तीन रात्री बुक झाल्यात, मधल्या पाच रात्री समुद्रावर काढायच्या एवढं एकमताने ठरलं आणि तिथेच घोडं अडलंय, कारण समुद्र म्हणजे कुठला समुद्र यावर रोज जेवताना चर्चा होते आणि रोज भाजी गार होते.

माझ्या डोक्यात पहिल्यापासून पोझितानो, दक्षिणेकडच्या अमाल्फी किनाऱ्यावरचं. ते फोटो माहितीयेत ना, डोंगरावर गुलाबी-पिवळी घरं एकावर एक रचलेली आणि बाल्कनीत लिंबं लटकलेली. नवरा म्हणतो तिथले रेट बघितलेस का, एका रात्रीच्या पैशात गणपतीपुळ्याला आख्खा आठवडा निघेल. (बघितलेत. खरंय त्याचं.) त्याचा कल चिंक्वे तेर्रेकडे (उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची पाच गावं) आहे कारण तिथे म्हणे ट्रेनने सगळं होतं. आणि एका मैत्रिणीने सांगितलं की डोकं नको लावूस, पोझितानोजवळच्या सोरेंटोत राहा, सगळे तिथेच राहतात.

आता खरी अडचण. बाबा ७१ वर्षांचे आहेत, डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. सपाटीवर तासभर आरामात चालतात, उपवन तलावाला रोज फेरी असते. चढताना हळू चढतात, पण उतरताना कठडा लागतोच. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आणि लेकीला पाण्यात डुंबायचंय, बाकी तिला काही घेणंदेणं नाही.

बुकिंगच्या साइटवर सगळंच "समुद्रापासून २०० मीटर" आणि सगळ्यालाच साडेआठच्या वर रेटिंग, त्यातून कळत काहीच नाही. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा.

घाटवाट

पोझितानोत तीन रात्री राहिलोय, सप्टेंबर २०२३, बायको आणि मी. दोघंही दर रविवारी सह्याद्रीत कुठेतरी लटकलेले असतो आणि तरी सांगतो, बाबांना घेऊन तिथे मुक्काम नका करू.

तुमच्या त्या २०० मीटरचं सांगतो. आपल्या डोक्यात किनारा म्हणजे मुरूड, हर्णै, आडवी वाळू आणि मागे नारळाच्या वाड्या. हा किनारा उभा आहे. तिथे २०० मीटर म्हणजे खाली २०० मीटर, असं समजूनच चाला. गावातून एकच रस्ता वळणं घेत जातो, त्यावरून छोटी लोकल बस फिरते, बाकी सगळं गाव म्हणजे जिने. आमची खोली रस्त्यापासून १४२ पायऱ्या खाली आणि तिथून बीच अजून १८० पायऱ्या खाली. नक्की आकडा माहितीये कारण दुसऱ्या दिवशी बायकोशी पैज लागली होती (हरलो, जेलातो मी दिला). पहिल्या दिवशी दोन मोठ्या सुटकेस घेऊन उतरताना एकीचं चाक निखळलं आणि टण टण टण उड्या मारत कुणाच्या तरी अंगणात गेलं, एक आजीबाई ते हातात घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे बघून जे काही म्हणाल्या ते कळलं नाही पण कळलं. पोर्टर मिळतात तिथे, बॅगमागे पैसे घेतात, आम्हाला वाटलं आपण ट्रेकर आहोत, कशाला.

बसचं दुसरं. तिसऱ्या दिवशी अमाल्फीला जायला रस्त्यावर उभे राहिलो तर दोन बसेस भरून आल्या, न थांबताच पुढे. एक तास भिंतीला चिकटून उन्हात. फुटपाथ नावाचा प्रकार नाही, गाड्या अक्षरशः पोटाला हवा घालत जातात.

हे सगळं खरं असूनसुद्धा ते गाव सुंदर आहे हो, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी की पोझितानोत राहिलं की पोझितानो दिसत नाही. तो फोटो दिसतो बोटीतून. तेव्हा दुसरीकडे राहा, एक दिवस बोटीने या, धक्क्यावर उतरा, समोरच बीच आहे, दोनतीन तास बसा, एक महाग सरबत प्या आणि बोटीने परत जा. बाबांना दहापंधरा पायऱ्यांच्या वर लागणार नाहीत.

टोरिनोकर

मी सहा वर्षं इटलीत आहे (उत्तरेला तोरिनोत, आयटी, नेहमीचीच कथा) आणि दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच, मामा, आत्या, बहिणीच्या सासरचे, त्यामुळे हा प्रश्न मी पाचसहा वेळा सोडवलाय. घाटवाटशी शंभर टक्के सहमत.

राहायची जागा निवडताना समुद्र किती जवळ हे नंतर बघा, आधी ट्रेन कुठवर येते ते बघा. अमाल्फी, पोझितानो, राव्हेल्लो, यातल्या कुठेही रेल्वे जात नाही. एका टोकाला सोरेंटो, दुसऱ्या टोकाला सालेर्नो, मधला सगळा डोंगर आणि तो एकच अरुंद रस्ता, एसएस १६३. म्हणजे मधल्या कुठल्याही गावात राहायचं तर पाच माणसं आणि पाच बॅगा घेऊन बस, बोट किंवा महागडी टॅक्सी.

माझं मत सालेर्नो. लोक नाक मुरडतात कारण ते पर्यटकांचं गाव नाही, साधं नोकरदारांचं बंदराचं शहर आहे. पण तुमच्यासाठी तोच फायदा. रोमहून थेट फास्ट ट्रेन, साधारण दोन तास, बदलाबदल नाही. स्टेशनातून बाहेर पडून सरळ समुद्राकडे चालत गेलात की दहा मिनिटांच्या आत पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का, सगळं सपाट. तिथून बोट, अमाल्फी ३५ मिनिटं, पोझितानो ७० मिनिटांच्या आसपास. बसला वळणावळणाने अमाल्फीपर्यंतच सव्वा तास लागतो आणि ज्यांना गाडी लागते त्यांची अवस्था आंबेनळी घाटासारखी होते. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात म्हणजे तुम्ही सीझनमध्ये आहात. फक्त वारा असला, समुद्र खवळला तर त्या दिवशीच्या बोटी रद्द होतात, म्हणून पोझितानो शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिलीच चांगली सकाळ मिळाली की निघा.

शहरात संध्याकाळी आख्खं गाव समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला येतं, ताडाची झाडं, बाकं, म्हातारी जोडपी हातात हात घालून, बाबांना उपवन आठवेल. जुन्या गावात अकराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे, खाली तळघरात संत मॅथ्यूचे अवशेष ठेवलेत. आईबाबांपैकी कोणाला आयुर्वेदाची वगैरे आवड असेल तर मध्ययुगात इथे युरोपातलं नावाजलेलं वैद्यक विद्यालय होतं, त्याच परंपरेतली औषधी झाडांची एक बाग अजून आहे, ज्यार्दिनो देल्ला मिनेर्व्हा.

आणि पेस्तुम चुकवू नका!! सालेर्नोहून ट्रेनने अर्धा तास. तिथली ग्रीक मंदिरं, त्यातलं सगळ्यात जुनं तर अथेन्सच्या पार्थेनॉनच्याही आधीचं, आणि गवताच्या सपाट मैदानात उभी. पायऱ्या नाहीत, धक्काबुक्की नाही. माझे मामा तिथे एका दगडावर बसले ते उठेनात. त्याच भागात म्हशींचे गोठे आहेत, मोझ्झारेल्ला तिथलंच. मामा म्हशी बघून जास्त खूश झाले हे आपलं जाता जाता.

सोरेंटो वाईट नाही. गाव कड्याच्या माथ्यावर बरंचसं सपाट आहे, खाली समुद्राकडे जायला लिफ्टही आहे, कापरी आणि पाँपेईला सोयीचं. पण ते नेपल्सच्या आखाताकडे तोंड करून बसलंय, तुमचा लिंबांचा फोटो डोंगराच्या पलीकडे. आणि नेपल्सहून तिथे जाणारी लोकल सत्तरेक मिनिटं घेते, मोठ्या बॅगा घेऊन चढायचं म्हणजे आपली विरार लोकलच. मैत्रीण चुकीची नाही, पण तुमचं गणित वेगळं आहे.

बोरिवली_फास्ट

एवढं कशाला, रोमला सात सीटर भाड्याने घ्या आणि फिरा मनाप्रमाणे. पाच जणांत पडतळ स्वस्त बसेल. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत काढून मिळतो, कटकट नाही.

घाटवाट

@बोरिवली_फास्ट सात सीटर?? त्या रस्त्यावर?? साहेब, समोरून बस आली की रिव्हर्स घ्यावा लागतो, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे थेट भूमध्य समुद्र. पार्किंग तासाच्या हिशोबाने, ते मिळालं तर. त्यात सीझनमध्ये ठरावीक दिवशी सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो. आणि जुन्या गावांत कॅमेऱ्याचे झोन असतात, परवानगी नसताना शिरलात की दंडाचं पत्र चार महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर. मित्राला दोन आली, एकाच गल्लीची, कारण तो चुकून शिरला म्हणून वळून पुन्हा त्याच गल्लीतून बाहेर आला.

बोरिवली_फास्ट

बरं बरं, मागे घेतो. आम्ही तस्कनीत फिरलो होतो गाडीने, तिथे मस्त झालं होतं.

मीठभाकर

टोरिनोकरांचं लॉजिक बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट सुटतेय, संध्याकाळ. सालेर्नोत राहायचं म्हणजे रोज सकाळी बोटीने जायचं आणि शेवटच्या बोटीने परत, आणि त्या बोटी काही रात्री उशिरापर्यंत नसतात, दिवेलागणीच्या आत परत निघावंच लागतं. आणि हा किनारा खरा सुरू होतो डे ट्रिपवाले गेल्यावर. अकरा ते पाच अमाल्फीचा चौक म्हणजे दादर. सातनंतर तोच चौक बघा, कारंज्यापाशी पोरं फुटबॉल खेळतात, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर लोक नुसते बसलेले असतात. मे एंडला साडेआठपर्यंत उजेड. एवढ्या लांब जाऊन तीच वेळ तुम्ही सालेर्नोच्या फ्लॅटमध्ये काढणार का?

मी सुचवेन मिनोरी. नाव फारसं कुणी घेत नाही आणि म्हणून भावही पोझितानोच्या मानाने बरेच खाली. अमाल्फीच्या अलीकडे, सालेर्नोच्या बाजूला. छोटं गाव, पण दरी जिथे समुद्राला मिळते तिथे वसलेलं त्यामुळे खालचा भाग बऱ्यापैकी सपाट: धक्का, बीच, चर्च, मिठाईची दुकानं, किराणा, सगळं एका पातळीत. गावाच्या मधोमध पहिल्या शतकातला रोमन व्हिला उकरून काढलेला आहे, आजूबाजूला चारमजली इमारती आणि त्यांच्या बाल्कन्यांमध्ये वाळत घातलेले कपडे, आणि खाली दोन हजार वर्षांपूर्वीचं कुणा श्रीमंताचं स्नानगृह. गर्दी जवळपास शून्य. आम्ही गेलो तेव्हा आम्ही चौघं आणि एक मांजर.

बोट मिनोरीलाही थांबते. सालेर्नोपर्यंत ट्रेन, तिथून बोटीने बॅगांसकट मिनोरी, धक्क्यावरून चालत घर. अमाल्फी बसने पंधराएक मिनिटं. राव्हेल्लोला अमाल्फीहून बस, साडेतीनशे मीटर उंचीवर आहे पण वरचा चौक सपाट, आणि चौकातच व्हिला रूफोलोची बाग, तिथून खालचा समुद्र दिसतो तो बघायलाच जायचं. १८८० साली जर्मन संगीतकार वाग्नर तिथे आला आणि त्याला आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली असं म्हणतात, अजून दर उन्हाळ्यात तिथे संगीत महोत्सव होतो. व्हिला चिंब्रोने जरा लांब आहे, चालणं आणि थोडे जिने, ते तुम्ही दोघं जाऊन या, आईबाबा चौकात कॉफी घेतील.

लेकीसाठी शेजारचं मायोरी. या अख्ख्या किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब बीच, एक किलोमीटरच्या आसपास. मिनोरी-मायोरीमध्ये लिंबाच्या बागांमधून एक सुंदर पायवाट आहे पण तिला पायऱ्या भरपूर, बाबांना बसने पाठवा. एक लक्षात ठेवा, बीचवर बराचसा भाग छत्री-खुर्चीवाल्यांचा असतो, त्याचे दिवसाचे पैसे, आणि एखादी पट्टी फुकट असते तिथे चटई टाकायची. आणि मे मध्ये पाणी गार असतं. आपल्या लेकरांना वाटतं समुद्र म्हणजे कोमट, माझा भाचा धावत गेला आणि त्याच वेगाने परत आला.

टोरिनोकर

@मीठभाकर संध्याकाळचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण बोटी बंद पडल्या तर मिनोरीतून बसशिवाय पर्याय नाही आणि सालेर्नोत निदान ट्रेन आहे, पेस्तुम आहे, डॉक्टर-हॉस्पिटल आहे. ७१ वर्षांचा माणूस बरोबर असताना मी हा विचार आधी करतो. प्रत्येकाचा स्वभाव.

लिगुरियाची_पाहुणी

अहो सगळे दक्षिणेलाच निघालात, जरा नवऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी बोला :)

निंबोणी, आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन चिंक्वे तेर्रे केलं, सासूबाई ६८, संधिवात. तुमचा नवरा बरोबर म्हणतोय, पाचही गावं रेल्वेने जोडलेली, एका गावातून दुसऱ्यात जायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, बरंचसं बोगद्यातून. पण त्या पाच गावांत राहू नका. खोल्या बहुतेक जुन्या घरांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिने एवढे उभे की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर. आणि कोर्निलिया तर विसराच, स्टेशन खाली आणि गाव वर, मध्ये पावणेचारशेच्या वर पायऱ्या. बस आहे वर जायला पण ती भरली की मग बसा खाली. पाचातलं एकच गाव तुम्हाला जमेल, मोन्तेरोस्सो, तिथे खरी वाळू आहे आणि स्टेशनासमोरच समुद्र, पण त्याचे दर पण तसेच.

आम्ही राहिलो लेवान्तोला. मोन्तेरोस्सोच्या आधीचं स्टेशन, ट्रेनने पाचसहा मिनिटं. मोठं, पसरलेलं, सपाट गाव, बीच चांगला, भाजीबाजार, औषधाचं दुकान, सगळं. आणि खरं कारण सांगते: जुनी रेल्वे समुद्राला चिकटून जायची, नंतर रूळ आत डोंगरातून नेले, तर त्या जुन्या बोगद्यांचा आता चालायला आणि सायकलला रस्ता केलाय. लेवान्तोहून बोनास्सोला आणि पुढे फ्रामुरापर्यंत साडेपाच किलोमीटर, अजिबात चढ नाही. बोगद्यात गारवा, मध्येच भिंतीला खिडकीसारखी फट आणि त्यातून एकदम निळं पाणी. सासूबाई बोनास्सोलापर्यंत चालत गेल्या, तिथे बाकावर बसून माहेरी फोन लावला आणि म्हणाल्या मी रेल्वेच्या बोगद्यातून चालत आले, पलीकडून मावशी घाबरल्या.

अजून एक, "प्रेमाची वाट" म्हणून रियोमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामध्ये कड्यात कोरलेली पायवाट आहे, २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली होती ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. किलोमीटरभरही नाही आणि सपाट. वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. बाबांना नक्की जमेल.

वाईट बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल सांगितलं नाही. सकाळी दहा ते चार त्या ट्रेन भयानक भरतात, जवळच्या ला स्पेझिया बंदराला क्रूझ लागली असेल तर विचारूच नका. आम्ही सकाळी आठला निघायचो, बाराला परत, जेवून झोप, पुन्हा पाचनंतर बाहेर. आणि संप! इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर करून होतो, बऱ्याचदा शुक्रवारी. पण कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, ते बघून ठेवा.

आणि तुमचं पुढचं फ्लोरेन्स इथून जवळ पडतं, दोन-अडीच तास, वाटेत पिसा. सालेर्नोला जाणं म्हणजे आधी खाली जायचं आणि मग सगळं परत वर.

निंबोणी

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. कालचं जेवण हा धागा वाचण्यात गेलं, म्हणजे भाजी परत गारच.

बाबांनी स्वतः वाचलं. घाटवाटचं सुटकेसचं चाक वाचून इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले पोझितानो कॅन्सल, बोटीतून बघू. (माझ्या मनात जरा चर्र झालं, पण ठीक आहे.) लेवान्तोचा बोगदा त्यांना फार आवडला, ते रेल्वेतून रिटायर झालेत, त्यामुळे आता घरात उलटंच झालंय, नवरा पेस्तुमची मंदिरं बघून दक्षिणेकडे फिरलाय आणि बाबा उत्तरेकडे. आईचा एकच प्रश्न, जेवायचं काय? तिचं मत त्यावर ठरणार.

पोळीभाजी

काकूंना सांगा उपाशी राहत नाहीत, मी आख्खी इटली शाकाहारी केलीये. पण एक सापळा आहे आणि तो नेमका तुमच्या दोन ठिकाणांमध्येच आहे म्हणून लिहितेय.

वर लिगुरियात "जेनोव्हेझे" म्हटलं की पेस्तो, म्हणजे तुळशीच्या जातीच्या पानांची हिरवी चटणी. खाली नेपल्स-सालेर्नोकडे मेनूवर "जेनोव्हेझे" दिसलं की तो तासन्‌तास शिजवलेला कांदा आणि गोमांसाचा रस्सा!! नाव तेच. मी मागवणारच होते, शेजारच्या टेबलावरच्या ताटलीत बघितलं म्हणून वाचले. आणि उलटं, "मारिनारा" पिझ्झा ऐकून मासे असतील असं वाटतं तर त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. चीजसुद्धा नाही. खाली चेतारा गावाच्या बाजूला माशाचा एक पातळ अर्क पास्त्यात घालतात, भाजीच्या पदार्थातही असू शकतो, विचारून घ्या. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे", मांस नको मासे नको, हे दोन शब्द काकूंना पाठ करायला लावा. अंड्यासाठी "सेन्झा उओव्हा", ताजा पास्ता बऱ्याचदा अंड्याचा असतो, सुका नसतो. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, काकू तेवढं कडक पाळत असतील तर पेस्तोसुद्धा बाद, कारण त्यातही ते असतं.

वर उत्तरेत फारिनाता मिळेल, हरभऱ्याच्या पिठाचं, तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. थोडक्यात बेसनाचं धिरडं. माझ्या आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली ओवा विसरले. खाली मिनोरीत रिकोटाचे न्दुंदेरी म्हणून गोळे मिळतात, तिथली खासियत, पण पिठात अंडं घालतात का ते आधी विचारा. वांग्याचे थर लावून भाजलेलं पार्मिजानाही चांगलं, अंड्याचं तिथेही विचारायचंच.

आणि कुठेही राहा, किचन असलेला फ्लॅट घ्या. साडेसातच्या आधी रात्रीचं जेवण देणारं हॉटेल सापडणं कठीण, आपले आईबाबा आठला जेवून झोपणारे.

टोरिनोकर

+१ फ्लॅटला. आणि बुक करायच्या आधी मालकाला एक प्रश्न लिहून विचारा, उत्तर लेखी घ्या: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? "क्वान्ती ग्रादीनी दाल्ला स्त्रादा आल्ला पोर्ता?" लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, लिफ्ट आहे असं सगळेच सांगतात. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या हे विचारा. शिवाय तिथला पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा. आणि सिटी टॅक्स माणशी, रात्रीच्या हिशोबाने वेगळा द्यावा लागतो, बऱ्याचदा रोख, तो बजेटमध्ये धरा. व्हिसासाठी बुकिंग दाखवायचं असतं तर फुकट रद्द करता येईल असंच घ्या सध्या.

निंबोणी

अपडेट देते, तीन दिवस भांडून झालं.

मिनोरी ठरलं. आईने कौल दिला, तिला लिंबं आणि राव्हेल्लोची बाग हवी होती आणि मीठभाकरांनी लिहिलेलं मांजर. बाबांना कबूल केलंय की फ्लोरेन्सच्या तीन रात्रींपैकी एक कापून परतीच्या आधी एक रात्र लेवान्तो करू, बोगद्यासाठी. नवरा म्हणतो एका बोगद्यासाठी कोण एवढं करतं, पण त्याचं पेस्तुम पण बसवलंय, मिनोरी सोडायच्या दिवशी सकाळच्या बोटीने सालेर्नो, बॅगा तिथे कुठेतरी ठेवून जाऊन यायचं, त्यामुळे तो गप्प आहे. माझं पोझितानो बोटीतून, पहिल्याच चांगल्या सकाळी.

टोरिनोकर दादा, तुमचा इटालियन प्रश्न जसाच्या तसा तीन मालकांना पाठवला. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने लिहिलं "थोड्याच, आणि प्रत्येक पायरीवरून समुद्र दिसतो", त्याला तिथेच सोडला. तिसऱ्या बाईंनी स्वतः मोजून पाठवल्या, दारापर्यंत १९, लिफ्ट नाही, आणि खाली एक फोटो, त्यात डाव्या बाजूला लोखंडी कठडा आणि त्याला बोट लावून दाखवलेला त्यांचा हात. त्याचा अर्थ लागायला मला मिनिटभर लागला, मग आठवलं की मेसेजमध्ये मी बाबांच्या डाव्या गुडघ्याबद्दल पण लिहिलं होतं. बाबांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले वर जाताना चालेल, खाली येताना तो उजवीकडे येतो, मग मी उलटा उतरेन.

बुक केलं. आता सांगा, मे एंडला संध्याकाळी शाल लागते का स्वेटर?